शिसे पाण्यातले की बाटलीतले?

वाचकांचे प्रश्न

पाण्यातील धातू, कीटकनाशके आणि इतर रसायनांच्या अतिसूक्ष्म मात्रा मोजताना अडचणी कुठे येतात, यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

एकाच नळाचे पाणी एकाच दिवशी दोन प्रयोगशाळांना दिले. एकीने शिसे लिटरला ३ मायक्रोग्रॅम सांगितले, दुसरीने १४. चूक कोणाची?

कदाचित दोघींचीही नाही. लिटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजेच बोलीतला १ पीपीबी (अब्जात एक भाग), याचा अर्थ दहा लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम. आता तुमच्या दोन आकड्यांतला फरक पाहा: ११ मायक्रोग्रॅम. शिशाची घनता ११.३ धरली तर एवढे शिसे एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या कणात मावते. जुन्या जोडावरच्या डाखाचा असा एक कण एका लिटरच्या बाटलीत आला आणि दुसरीत आला नाही, तर दोन्ही अहवाल बरोबर असूनही असेच दिसतील.

दुसरी शक्यता अशी, की तुम्ही बाटल्या एकामागून एक भरल्या. पहिल्या बाटलीत रात्रभर पितळी तोटीत साचलेले पाणी गेले, दुसरीत आतल्या नळीतले. ही दोन पाणी वेगळी आहेत. साचलेल्या पाण्यातले शिसे पाहायचे असेल, तर किमान ६ तास नळ बंद ठेवून पहिले १ लिटर पाणी घ्यावे, आधी थेंबही वाहू देऊ नये. तोटीच्या तोंडाची जाळी काढू नये, कारण कण तिथेच अडकलेले असतात आणि रोजच्या वापरात ती काढली जात नाही. मुख्य वाहिनीतले पाणी हवे असेल, तर आधी पाच मिनिटे नळ वाहू द्यावा. दोनपैकी कोणते पाणी घेतले, हे चिठ्ठीवर लिहिलेले नसेल तर पुढचे सारे मोजमाप संदर्भहीन ठरते.

दोन प्रयोगशाळांची तुलनाच करायची असेल, तर एका मोठ्या स्वच्छ भांड्यात पाणी घ्या, त्यातच धातू विरघळलेले राखणारे आम्ल घाला, चांगले हलवा आणि मग दोन बाटल्यांत वाटा. शिवाय दोघींना विचारा: मोजले ते एकूण शिसे की गाळल्यावर उरलेले विरघळलेले? तक्रारीआधी हा एक प्रश्न विचारला तर पुष्कळ वाद तिथेच मिटतील.

बाटली काचेची चांगली की प्लास्टिकची? आणि धुवायची कशी?

काय मोजायचे, त्यावर ते ठरते. धातूंसाठी एचडीपीई (एक प्रकारचे पॉलिथिलीन) किंवा पॉलीप्रॉपिलीनची बाटली घ्यावी. काचेच्या पृष्ठभागावर धातूचे आयन चिकटतात, आणि बोरोसिलिकेट काच पाण्यात बोरॉन सोडते. बोरॉन मोजायचे असेल तर काच नकोच. पारा मात्र याला अपवाद. त्याची वाफ पॉलिथिलीनच्या भिंतीतून आरपार जाते, नमुन्यातून बाहेर आणि खोलीतल्या हवेतून आतही. पाऱ्याला काच किंवा एफईपी (टेफ्लॉनच्या जातीचे प्लास्टिक) लागते. कीटकनाशकांसाठी तपकिरी काच आणि टेफ्लॉनचे अस्तर असलेले झाकण. पीफास या फ्लोरीनयुक्त रसायनांच्या गटासाठी मात्र टेफ्लॉन वर्ज्य, कारण ते स्वतःच त्या कुळातले.

धातूंच्या बाटल्यांची धुलाई अशी: फॉस्फेट नसलेल्या साबणाने धुऊन साध्या पाण्याने विसळा, नंतर १० टक्के नायट्रिक आम्लात २४ तास बुडवून ठेवा, मग १८.२ मेगाओम-सेंटीमीटर रोधकतेच्या अतिशुद्ध पाण्याने तीनदा विसळा. फडक्याने पुसू नका, ओव्हनच्या लोखंडी जाळीवर उपडी ठेवू नका. स्वच्छ हवेच्या कपाटात निथळू द्या, किंवा सौम्य आम्ल भरूनच दुहेरी पिशवीत ठेवा. नवी कोरी बाटली स्वच्छच असते, हा समज सोडून द्या. रंगीत झाकण आणि झाकणातली पुठ्ठ्याची चकती यांच्यापासूनही सावध राहा.

एवढे करूनही शंका असेल तर सोपी परीक्षा आहे. त्या खेपेतल्या दोन-तीन बाटल्यांत १ टक्का आम्ल भरा, नमुने जितके दिवस पडून राहतील तितके दिवस ठेवा आणि मोजा.

भरण्याआधी नमुन्याच्याच पाण्याने बाटली विसळावी का, असेही काहींनी विचारले आहे. धातूंसाठी, बाटलीत आधीच आम्ल घातलेले नसेल तर तीनदा विसळा. कीटकनाशके आणि तेलकट पदार्थांसाठी मुळीच विसळू नका. ती भिंतीला चिकटतात, आणि विसळण्यातले चिकटलेले नंतरच्या मापात मिळून आकडा वाढतो. त्याच कारणाने अशा बाटलीतले सगळेच्या सगळे पाणी निष्कर्षणाला, म्हणजे द्रावकाने रसायन काढून घेण्याला, घ्यायचे आणि रिकामी बाटली द्रावकाने विसळून तेही त्यातच मिळवायचे.

बोअरवेलचे पाणी भरताना नितळ होते. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पाहतो तो पिवळसर, तळाशी गाळ. गाळून, आम्ल घालून मोजले तर आर्सेनिक जवळजवळ नाही, पण जागेवरच्या किटने भरपूर दाखवले होते. किट खोटे का?

किट बहुधा खरे बोलत होते. जमिनीखालच्या अशा पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे लोह दुहेरी भाराच्या, विद्राव्य रूपात असते. पाणी हवेत आले की काही मिनिटांत ते तिहेरी भाराचे होऊ लागते आणि त्याचा हायड्रॉक्साइड पिवळ्या-तांबूस साक्याच्या रूपाने खाली बसतो. हा साका आर्सेनिक ओढून घेण्यात पटाईत आहे. पाण्यातले आर्सेनिक काढून टाकण्याच्या कितीतरी यंत्रणा याच गुणावर चालतात. तुम्ही प्रयोगशाळेत गाळलेत तेव्हा साक्याबरोबर आर्सेनिकही फिल्टरच्या कागदावर राहिले आणि तुम्ही मोजले ते शुद्ध केलेले पाणी.

योग्य क्रम असा. बोअर इतका वेळ चालवा, की तापमान, पीएच आणि विद्युतवाहकता एका जागी स्थिरावतील. मग शक्य तितके हवा न लागू देता सिरिंजमध्ये पाणी घ्या, ०.४५ मायक्रोमीटरचा फिल्टर लावा आणि पहिले १०-२० मिलिलिटर फेकून द्या. फिल्टरमध्ये काही असेल तर ते या पाण्याबरोबर निघून जाते. उरलेले थेट बाटलीत घेऊन लगेच आम्ल घाला. २५० मिलिलिटरला तीव्र अतिशुद्ध नायट्रिक आम्ल १ मिलिलिटर बहुतेक पाण्यांना पुरते. पीएच २ च्या खाली गेला की नाही ते पाहायचे, पण कागदी पट्टी बाटलीत बुडवून नव्हे. स्वच्छ टिपने थेंब काढून पट्टीवर टाकायचा.

गाळणे आधी, आम्ल नंतर. हा क्रम उलटा झाला तर चूकही उलटी होते. गढूळ पाण्यात आम्ल पडले की मातीच्या कणांवरचे धातू सुटतात आणि नंतर कितीही गाळले तरी ते ‘विरघळलेले’ म्हणूनच मोजले जातात.

तुमच्या हातातला पिवळा नमुना अजून शिल्लक असेल, तर तो गाळू नका. मूळ बाटलीतच आम्ल घालून चांगला हलवा, किमान २४ तास ठेवा, साका विरघळला नाही तर आम्लात तापवून विरघळवा. येणारा आकडा ‘एकूण आर्सेनिक’ म्हणून द्या. ‘विरघळलेले’ हा रकाना रिकामा ठेवावा लागेल, त्याला आता इलाज नाही.

आर्सेनिकची तिहेरी आणि पाचपट भाराची रूपे (आर्सेनिक तीन आणि आर्सेनिक पाच) वेगवेगळी मोजायची असतील, तर नुसते थंड ठेवून भागत नाही. लोहाला बांधून ठेवणारे ईडीटीए घाला आणि बाटली अंधारात ठेवा, कारण प्रकाश आणि लोह मिळून एका रूपाचे दुसरे करून टाकतात.

आमच्या ब्लँकमध्ये जस्त ४-५ पीपीबी येते. ते सरळ वजा केले तर चालेल का?

ब्लँक म्हणजे नमुन्याऐवजी शुद्ध पाणी त्याच पायऱ्यांतून नेऊन केलेले माप. तो दहा वेळा मोजून ४.४, ४.६, ४.५ असा येत असेल, तर वजाबाकी निदान गणिताला धरून आहे. १, ९, ३, ७ असा उड्या मारत असेल तर तुम्ही सरासरी वजा कराल, पण त्या विशिष्ट नमुन्यात १ पडले होते की ९, हे कुणालाच ठाऊक नसेल. वजाबाकीने सरासरी जाते, अनिश्चितता जात नाही. उलट नमुन्याच्या अनिश्चिततेत ब्लँकची भर पडते.

म्हणून उगम शोधा. जस्ताच्या बाबतीत पहिला संशय हातमोज्यांवर घ्या. रबर पक्के करताना जस्ताचा ऑक्साइड वापरतात. पावडरविरहित नायट्राइल मोजे त्यातल्या त्यात बरे, पण तेही आधी तपासून. त्यानंतर सिरिंजचे काळे रबरी दट्टे, रंगीत पिपेट टिपा, टिप ढकलणारी पिपेटची धातूची दांडी आणि वरच्या एअर कंडिशनरच्या गंजक्या जाळ्या.

शोधायची रीत एकच: एका वेळी एक पायरी वाढवत जा. अतिशुद्ध पाणी यंत्रातून थेट नमुना-नळीत घ्या, आम्ल घाला, मोजा. मग तेच पाणी बाटलीत तासभर ठेवून मोजा. मग फिल्टरमधून काढून. मग तापवण्याच्या पायरीसह. आकडा जिथे उडी मारेल तिथे चोर. आम्लाचा संशय असेल तर त्याच पाण्यात आम्लाचे प्रमाण दुप्पट करून पाहा. ब्लँकही जवळपास दुप्पट झाला, तर दोष आम्लाच्या बाटलीत.

प्रयोगशाळेतला ब्लँक स्वच्छ असणे पुरेसे नाही. एक ब्लँक नमुने घेण्याच्या जागी जाऊन, तिथे उघडून, तिथल्याच सिरिंज-फिल्टरमधून काढून परत यायला हवा. नुसता पेटीत बसून फिरून आलेला ब्लँक वाहतुकीतले प्रदूषण सांगतो, हाताळणीतले नाही.

या बाबतीत अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांचे काम माहीत असावे. १९५६ साली त्यांनी पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले, ते शिशाची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानांचे अणू) मोजून. त्यासाठी आधी हवा, धूळ, आम्ले आणि भांडी यांतून नमुन्यात शिरणारे शिसे हटवावे लागले. पुढे त्याच काटेकोरपणाने समुद्राचे पाणी तपासले गेले, तेव्हा शिशाचे आधीचे छापील आकडे कित्येक पट जास्त असल्याचे दिसले. त्यातले बरेचसे शिसे समुद्रातले नव्हतेच.

कॅलिब्रेशनचा आर-स्क्वेअर ०.९९९८ येतो, तरी १ पीपीबीचा तपासणी नमुना १.४ दाखवतो. असे कसे?

कॅलिब्रेशन म्हणजे ज्ञात मात्रेच्या द्रावणांवरून (स्टँडर्ड्सवरून) यंत्राची रेषा काढणे, आणि आर-स्क्वेअर म्हणजे बिंदू त्या रेषेवर किती नेमके बसतात याचा आकडा. ०.५, १, ५, २० आणि १०० अशी स्टँडर्ड्स घेऊन साधी सरळ रेषा काढलीत, तर ती रेषा १०० च्या बिंदूच्या मुठीत असते. १०० ला ०.४ ची चूक म्हणजे ०.४ टक्के, रेषेला तिचे काहीच वाटत नाही. तीच ०.४ जर १ पीपीबीला आली तर ४० टक्के. आर-स्क्वेअर दोन्हीकडे तितकाच देखणा दिसतो, म्हणून सूक्ष्म मात्रेसाठी तो जवळजवळ निरुपयोगी आहे.

त्याऐवजी प्रत्येक स्टँडर्डचा प्रतिसाद रेषेत उलटा घालून किती पीपीबी येतात ते पाहा. सर्वांत खालचे स्टँडर्ड २०-३० टक्क्यांच्या आत परत आले पाहिजे. नाही आले तर १/एक्स भार देऊन, म्हणजे खालच्या बिंदूंना जास्त महत्त्व देऊन, रेषा काढा. किंवा पल्लाच आवरा: नमुने ५ च्या खाली असतील तर १०० चे स्टँडर्ड कशाला? ०.२ ते १० पुरे.

खालची स्टँडर्ड्स रोज ताजी करा, आणि त्यांत आम्ल नमुन्याइतकेच ठेवा. लिटरला १००० मिलिग्रॅमच्या बाटलीपासून १ पीपीबीपर्यंत जायचे म्हणजे दहा लाख पट विरळ करणे. ते एका उडीत करू नका. शंभरपटीच्या तीन पायऱ्या घ्या, आणि प्रत्येकीत किमान १ मिलिलिटर उचला. १० मायक्रोलिटरच्या पिपेटने उचलताना टिपेच्या बाहेर लोंबणारा अर्धा मायक्रोलिटरचा थेंब ५ टक्के चूक घडवतो. शेवटी, वेगळ्या उत्पादकाच्या किंवा निदान वेगळ्या खेपेच्या बाटलीतून केलेले एक स्टँडर्ड मधून मधून चालवा. मूळ बाटलीच चुकीची असेल तर ते दुसऱ्या कशानेही कळत नाही.

खारट पाण्यात आयसीपी-एमएसवर आर्सेनिक हमखास जास्त येते. क्षारांचा परिणाम का?

होय, आणि त्यात मुख्य दोष क्लोराइडचा. आयसीपी-एमएस हे यंत्र अतितप्त आर्गॉन वायूत (प्लाझ्मात) नमुन्याचे आयन करते आणि ते वस्तुमानानुसार मोजते. आर्सेनिकला एकच स्थिर समस्थानिक आहे, वस्तुमान ७५. यंत्राच्या प्लाझ्मातला आर्गॉन ४० आणि नमुन्यातला क्लोरीन ३५ जोडले गेले की तेही ७५. यंत्राला दोन्ही सारखेच. दुसरे समस्थानिक निवडून सुटका करून घेण्याची सोयही इथे नाही. आयनांच्या वाटेत हेलियम भरलेला टकरीचा कप्पा (कोलिजन सेल) वापरला, तर हे जोड-आयन आकाराने मोठे असल्याने जास्त टक्कर खातात, ऊर्जा गमावतात आणि मागे पडतात. खात्री करायची तर आर्सेनिक नसलेल्या, पण नमुन्याइतकेच क्लोराइड असलेल्या शुद्ध मिठाच्या द्रावणाचे आर्सेनिक मोजा. ते शून्याजवळ आले पाहिजे. नमुना टिकवायला हायड्रोक्लोरिक आम्ल घातले असेल, तर हा त्रास तुम्हीच ओढवून घेतला आहे.

व्हॅनेडियम ५१ वर क्लोरीन-ऑक्सिजन बसतो, कॅडमियम १११ आणि ११४ वर मॉलिब्डेनमचे ऑक्साइड. शिशाची गोष्ट वेगळी: त्याच्या समस्थानिकांचे प्रमाण खाणीनुसार बदलते, म्हणून एकट्या २०८ वर न विसंबता २०६, २०७ आणि २०८ यांची बेरीज घ्यावी.

क्षारांमुळे सगळाच संकेत दबतो, तो भाग निराळा. त्यासाठी प्रत्येक नमुन्यात स्कँडियम, इंडियम, बिस्मथ यांसारखे अंतर्गत स्टँडर्ड सारखेच घालतात. त्याचा संकेत ६० टक्क्यांच्याही खाली घसरला तर गणिताने दुरुस्ती करत बसू नका, नमुना विरळ करा. आणि स्पाइक करून, म्हणजे नमुन्यात ज्ञात मात्रा मुद्दाम घालून, बघा. नमुन्यात ४.२, त्यात १० घातले आणि मोजले १२.७, तर परत आले ८.५, म्हणजे ८५ टक्के. एक सावधगिरी: स्पाइक १०० टक्के परत आला तरी वरच्या आर्गॉन-क्लोरीनसारखी भर त्यात दिसत नाही. ती स्पाइक केलेल्या आणि न केलेल्या दोन्ही मापांत सारखीच असते आणि वजाबाकीत निघून जाते.

क्लोरीन घातलेल्या पाण्यातल्या ट्रायहॅलोमिथेनसाठी बाटली काठोकाठ का भरायची?

कारण क्लोरीन आणि पाण्यातले सेंद्रिय पदार्थ यांतून बनणारी ही संयुगे बाष्पनशील आहेत, मोकळी जागा दिसली की पाणी सोडून हवेत जातात. ४० मिलिलिटरची काचेची कुपी काठावर पाण्याचा फुगवटा येईपर्यंत भरा, झाकण लावा, उलटी करून टिचकी मारा. वाटाण्याएवढा बुडबुडा दिसला तर पुन्हा नवी कुपी. उरलेला क्लोरीन आधी मारायला हवा, नाहीतर प्रवासात ट्रायहॅलोमिथेन तयार होतच राहतात. त्यासाठी रिकाम्या कुपीत २५ मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल असते, म्हणून ती विसळायची नाही आणि भरताना ओतू जाऊ द्यायची नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब पाणी भरल्यानंतर. थंड ठेवून १४ दिवसांच्या आत मोजा.

पीफास मोजताना जलरोधक जॅकेटसुद्धा नको म्हणतात. अतिरेक नाही का?

ही रसायने लिटरला काही नॅनोग्रॅम, म्हणजे पीपीबीच्याही हजाराव्या भागात मोजतात, आणि पाणी-तेल न धरणाऱ्या लेपांत ती मुद्दाम घातलेली असतात. जॅकेटमुळे नमुना बिघडेलच असे नाही, पण बिघडला तर नंतर ते सिद्ध करता येणार नाही. त्याहून मोठा चोर यंत्रातच असू शकतो: द्रव-क्रोमॅटोग्राफच्या टेफ्लॉनच्या नळ्या. त्या पीक (PEEK) या फ्लोरीन नसलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांनी बदलतात आणि नमुना टोचण्याच्या जागेआधी एक जादा स्तंभ बसवतात, म्हणजे यंत्रातले पीफास उशिरा बाहेर पडून वेगळे ओळखू येते.

‘आढळले नाही’ म्हणजे शून्य समजायचे का?

नाही. सात सारखे, कमी मात्रेचे नमुने पूर्ण पद्धतीतून काढा. समजा ०.५२, ०.४७, ०.५५, ०.४९, ०.४४, ०.५३ आणि ०.५० आले. प्रमाण विचलन, म्हणजे मापे सरासरीभोवती किती विखुरली त्याचा आकडा, ०.०३७. सात मापांसाठी ते ३.१४३ ने गुणतात: ०.१२. ही शोधमर्यादा. तिच्या खालचे ‘०.१२ पेक्षा कमी’ असे लिहावे. भरवशाचा आकडा मात्र विचलनाच्या दहापटीपासून, इथे ०.३७ पासून पुढे. ही सात मापे एकाच सकाळी, एकाच हाताने घेतली तर मर्यादा फसवी लहान येते. दोन-तीन दिवसांत विभागून घ्या. आणि ब्लँकच ०.२ येत असेल, तर ०.१२ ही मर्यादा कागदावरच राहते.

टीडीएस मीटरने पाण्यातले शिसे कळेल का?

नाही. ते मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि तिचे क्षारांत रूपांतर करून लिटरला मिलिग्रॅम दाखवते, तेही एकेकाच्या पायरीने. जागतिक आरोग्य संघटनेने शिशासाठी सुचवलेली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम. ५०० दाखवणाऱ्या पाण्यात एवढे शिसे घातले तरी मीटर ५०० च दाखवेल.